कोळ्ळिडमच्या काठाने

कुंभकोणमहून चेन्नईकडे जाणारा रस्ता वीसेक किलोमीटरच्या आतच तिरुप्पनंदाळ नावाच्या गावी येतो. मोटारीने जाणाऱ्याला हे गाव चार मिनिटांचे आहे. एक प्राचीन शिवालय, एक मोठा मठ, रस्त्याच्या कडेची काही दुकाने, आणि मग पुन्हा भाताची शेते. सरकारी कामाच्या निमित्ताने मीही या गावावरून अनेकदा असाच निघून गेलो होतो. गेल्या पौषात मात्र मी येथे मुद्दाम उतरलो. तंजावरला स्थायिक असलेल्या एका मराठी गृहस्थांकडून मागून घेतलेली सायकल बरोबर होती, आणि येथून जवळच वाहणाऱ्या कोळ्ळिडम नदीच्या बांधावरून थेट समुद्रापर्यंत जावे असा बेत होता. त्या प्रवासात जो इतिहास वाटेत भेटला त्याविषयी आज चार शब्द सांगावेत, असा विचार आहे.

या बेताचे मूळ एका कुतूहलात होते. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात कॅमल नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या खाडीच्या काठाने पॅडस्टो या बंदरापर्यंत आगगाडी जात असे. ती १९६७ साली बंद पडली आणि पुढे त्याच लोहमार्गाच्या जागी पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलीने हिंडणाऱ्यांसाठी एक वाट तयार झाली. मोटारींना तेथे मज्जाव आहे. एका बाजूला खाडीचे पाणी, दुसऱ्या बाजूला टेकड्या, आणि मधून माणूस आपल्या पायांच्या बळावर निवांत चाललेला, असा तो देखावा असतो. हे वाचले तेव्हा मनात आले, की आपल्या देशात अशी वाट कोठे असेल काय? आणि असली तर ती कोणी व कोणासाठी बांधली असेल?

तिरुप्पनंदाळपासूनच या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. येथील शिवालयाची कथा मोठी हृद्य आहे. ताटका नावाची एक स्त्री देवाला माळ घालीत असता तिचे वस्त्र सुटू लागले. तिने ते कोपरांनी आवरून धरले, पण मग माळ घालण्यास हात पुरेनात. तेव्हा तिची अडचण जाणून शिवलिंगच तिच्याकडे झुकले. पुढे ते कलते राहिलेले लिंग राजाच्या हत्तींनाही सरळ करता येईना. अखेर कुंगिलिय कलयर या भक्ताने दोराचे एक टोक लिंगाला व दुसरे आपल्या गळ्याला बांधून ओढले, तेव्हा ते सरळ झाले. कथा श्रद्धेची आहे. तिचा खरेखोटेपणा तपासण्याचे कारण नाही. आलेल्या माणसाची अडचण पाहून देवाने झुकावे, एवढी तिच्यातील कल्पना आपण ध्यानात ठेवू.

मंदिराइतकाच येथील मठही महत्त्वाचा. त्याला काशीमठ म्हणतात. सतराव्या शतकात कुमरगुरुपरर नावाचे तमिळ संतकवी काशीस गेले आणि तेथे त्यांनी मठ स्थापन केला. केदार घाटाजवळ तो आजही आहे. त्यांच्या परंपरेतील तिल्लैनायक तंबिरान यांनी १७२० साली तिरुप्पनंदाळ येथे मठाची स्थापना केली. काशीतील पूजाअर्चा व अन्नदान चालावे म्हणून कावेरीच्या खोऱ्यात ज्या जमिनी लावून दिल्या होत्या, त्यांची व्यवस्था येथून पाहिली जाऊ लागली. १७२० साली तंजावरच्या गादीवर भोसल्यांचे राज्य होते, हे येथे लक्षात घ्यावे. गंगेकाठचा यात्रेकरू आणि कावेरीकाठचे भाताचे पीक यांना जोडणारा एक धागा या लहानशा गावातून गेलेला आहे. ज्या प्रदेशात हे घडले त्या प्रदेशाला यात्रेकरूच्या पावलांची किंमत ठाऊक होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिरुप्पनंदाळहून काही किलोमीटर उत्तरेस गेले की अणैकरै लागते. तमिळमध्ये अणै म्हणजे धरण आणि करै म्हणजे काठ. आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८३६ साली कोळ्ळिडमवर येथे बंधारा बांधला. येथून निघणाऱ्या वडवार कालव्याने वीराणमचा प्रचंड तलाव भरतो. कावेरीपासून ही नदी श्रीरंगमच्या वरच्या अंगाला फुटते. कावेरीच्या पुराचे पाणी वाहून नेण्याचे काम हिचे. कोळ्ळिडम म्हणजे सामावून घेणारी जागा, असा नावाचा अर्थ लोक सांगतात. पुराचे पाणी शेतांत पसरू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंस मातीचे उंच बांध आहेत. माझी वाट या बांधावरूनच होती.

हा बांध कोणी सहलीसाठी घातलेला नाही. काही ठिकाणी त्यावर डांबर आहे, बराचसा भाग कच्चा आहे. पावसाळ्यानंतर चिखलाचे चर वाळून कडक झालेले असतात व ते सायकलीच्या चाकाला आणि सायकलस्वाराच्या हाडांना आपली आठवण देत राहतात. अधूनमधून एखादा ट्रॅक्टर वा फटफटी येते. परंतु हमरस्त्यावरचा भोंग्यांचा गलका येथे नाही. डाव्या हाताला वाळूचे विस्तीर्ण पात्र व मधून वाहणारे पाणी, उजव्या हाताला कापणीला आलेले सांबा भात, बांधावर ताडाची झाडे, आणि शाळेच्या वेळेला घोळक्याने सायकली हाकीत चाललेल्या मुली. तमिळनाडू सरकार गेली वीसेक वर्षे शाळकरी मुलामुलींना सायकली देते. रहदारी नसलेल्या वाटेचे खरे मोल त्या मुलींना पाहिले म्हणजे कळते.

मराठी माणसाला या नदीकाठी एकटे वाटत नाही. येथून बरेच वर, नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळपाडी नावाचे गाव आहे. आपल्या बखरींतून ते तिरुमलवाडी म्हणून येते. १६७७ च्या जुलै महिन्यात दक्षिणेच्या स्वारीवर असलेले शिवछत्रपती तेथे तळ देऊन होते. त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजी तंजावरहून नदी ओलांडून भेटीस आले. वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीची बोलणी निघाली, ती जुळेनात. एके रात्री व्यंकोजी राजे कोणास न सांगता तळावरून निघाले आणि लाकडाचे ओंडके बांधून केलेल्या तराफ्यावरून कोळ्ळिडम पार करून तंजावरला परतले. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तिन याने ही हकिगत आपल्या टिपणांत लिहून ठेवली आहे. पुढे दीपाबाईंच्या शहाणपणाने दोघा भावांचा समेट झाला, हे आपण सर्व जाणतोच. त्या एका रात्री मात्र या नदीची रुंदी दोन भावांमधील अंतराएवढी झाली होती. उत्तरेचा मुलूख थोरल्याकडे, दक्षिणेचा धाकट्याकडे. ज्या बांधावरून मी जात होतो तो दक्षिण तीराचा, म्हणजे व्यंकोजींच्या बाजूचा होता.

पहिल्या दिवशी मणल्मेडूच्या बाजूने पुढे जाऊन एका खेड्यात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी कोळ्ळिडम याच नावाचे गाव लागले. चिदंबरमकडे जाणारे रेल्वेचे व मोटारीचे पूल येथे नदी ओलांडतात. तो गोंगाट मागे टाकल्यावर पुन्हा शांतता. येथून आच्चाळपुरम जवळ आहे. तिरुज्ञानसंबंधर आपल्या विवाहसमयी तेथेच ज्योतीत विलीन झाले असे मानतात. त्याच्याही पुढे महेंद्रपळ्ळीचे शिवालय. आता शेते विरळ होतात, माती खारट होते, वाऱ्याला मासळीचा वास येतो. पात्र इतके फाकते की पलीकडचा काठ धूसर दिसू लागतो. दक्षिणेस पळैयारचे मासेमारी बंदर, उत्तरेस पिच्चावरमचे कांदळवन. कोळ्ळिडमचे मुख आणि वेळ्ळार नदीचे मुख या दोहोंच्या मधल्या पाण्यात हे वन पसरलेले आहे. २०२२ साली त्याची गणना रामसर पाणथळ क्षेत्रांत झाली. २६ डिसेंबर २००४ रोजी या किनाऱ्यावर त्सुनामी आली तेव्हा या झाडांच्या आडोशाला असलेल्या वस्त्यांचे नुकसान उघड्यावरच्या वस्त्यांपेक्षा कमी झाले, असे पुढे पाहणाऱ्यांनी नमूद केले.

या रम्य मुखाशी आपल्या इतिहासातील एक दुःखद पान उलटले गेले. येथे नदीच्या पाण्याने वेढलेल्या जागी देवीकोट्टै नावाचा किल्ला होता. तो तंजावरच्या राज्याचा. व्यंकोजींचे नातू प्रतापसिंह गादीवर होते, आणि त्यांच्याआधी गादीवर बसून पदच्युत झालेला सयाजी इंग्रजांकडे मदत मागावयास गेला. मला राज्य मिळवून द्या, मी तुम्हांला देवीकोट्टै देतो, असा त्याचा सौदा. १७४९ च्या एप्रिलात इंग्रजांची पहिली मोहीम फसली. त्याच सुमारास मोठे वादळ होऊन त्यांची काही लढाऊ जहाजे किनाऱ्यावर फुटली. जूनमध्ये मेजर लॉरेन्स समुद्रमार्गाने पुन्हा आला. खिंडारावर चाल करून जाणाऱ्या तुकडीच्या अग्रभागी क्लाइव्ह नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. तंजावरच्या घोडेस्वारांनी मागून हल्ला केला, तुकडीतील बहुतेक माणसे कापली गेली, आणि क्लाइव्ह थोडक्यात वाचला. किल्ला पडला. प्रतापसिंहांनी देवीकोट्टै व वर्षाला नऊ हजार होनांच्या उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांना देऊन तह केला. सयाजीला काय मिळाले? चार हजार रुपयांची नेमणूक. ज्याच्या नावाने लढाई झाली त्याला कोणी सिंहासनाजवळही नेले नाही.

मी त्या मुखाशी बराच वेळ बसलो होतो. भरतीचे पाणी वर चढत होते. भावाभावांच्या भांडणात परक्याला बोलावले म्हणजे तो नदीच्या तोंडातून आत येतो आणि मग हळूहळू वरपर्यंत जातो, हे सांगायला तेथे कोणी पंडित लागत नाही. १७४९ साली मुखाशी आलेले इंग्रज १७९९ साली तंजावरच्या राजवाड्यापर्यंत पोहोचले. त्या वर्षीच्या तहाने सरफोजी महाराजांनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन व निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

राज्य गेले तेव्हा या राजाने कशासाठी रदबदली केली, हे पाहण्यासारखे आहे. १८०१ साली त्यांनी तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटास एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात फौजेची वा खंडणीची मागणी नव्हती. मागणी होती ती आपल्या पूर्वजांनी स्थापिलेली छत्रे, म्हणजे यात्रेकरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळा, आपल्याकडे चालू राहाव्यात ही. तंजावरहून रामेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर अशी अनेक छत्रे होती. तेथे काय चालत असे, याचे वर्णन महाराजांनी त्या पत्रात केले आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, कोणीही वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांना हाक मारीत. जो आजारी पडून पुढे जाऊ शकत नसे त्याला बरा होईपर्यंत ठेवून घेत, वैद्य त्याची शुश्रूषा करी. वाटेत एखादी स्त्री बाळंत झाली तर तिची व मुलाची काळजी घेत. अनाथ मुलांना शिकवीत. कोणी मरण पावला तर त्याच्या रीतीप्रमाणे त्याचे अंत्यविधी करीत.

ही छत्रे बहुतेक राजघराण्यातील स्त्रियांच्या नावांनी ओळखली जात. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र प्रतापसिंहांच्या काळचे. ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र सरफोजींनी १८०२ साली स्थापिले. त्याच्या बाजूंवर दगडी घोडे व हत्ती कोरलेले असून सगळी इमारत जणू रथच आहे. तंजावरहून ओरत्तनाडू वीसबावीस किलोमीटर, म्हणजे पायी चालणाऱ्याची एका दिवसाची मजल. येथे मला आमच्या कामातील एक गोष्ट प्रथमच नीट उमगली. रस्त्याचे माप कोणत्या प्रवाशावरून घ्यावयाचे, हा मूळ प्रश्न आहे. छत्रे बांधणाऱ्यांनी ते माप सर्वांत सावकाश जाणाऱ्यावरून घेतले होते. म्हातारा, आजारी, गरोदर, उपाशी, ज्याच्याजवळ घोडा नाही की पालखी नाही, तो एका दिवसात जेथवर पोहोचेल तेथे त्याच्यासाठी दार उघडे असावे, असा तो हिशेब होता. सरफोजी स्वतः १८२० ते १८२२ या काळात मोठ्या परिवारासह काशीयात्रा करून आले, तेव्हा लांबच्या वाटेवर वाटसरूला काय हवे असते हे त्यांनी अनुभवलेही होते.

तंजावरच्या राज्यात सर्व काही गोमटे होते, असे माझे म्हणणे नाही. छत्रांचा खर्च ज्या जमिनींतून निघे, तेथे राबणाऱ्या मजुराची स्थिती हलाखीची होती. आणि सर्वांना अन्न मिळे तरी सर्वांना एका पंक्तीत मिळे असे नव्हे. इतिहासाकडे भक्तिभावाने पाहिले की हे निसटते, म्हणून सांगून ठेवतो. परंतु एवढे मान्य करूनही त्या हिशेबाचे महत्त्व कमी होत नाही.

आता थोडे स्वतःविषयी बोलणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्यात नेमणुकीवर असताना एका रस्त्याच्या रुंदीकरणाचा प्रस्ताव माझ्यापुढे आला. दिवसातून किती मोटारी, किती मालट्रक, किती बसगाड्या जातात, याचे तक्ते त्याला जोडलेले होते. पायी जाणाऱ्यांसाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. मी तो वाचला आणि सही केली. रस्ता उत्तम झाला. कडेची चिंचेची झाडे गेली, तशीच त्यांच्या सावलीतून जाणारी पायवाटही गेली. वर्षभराने त्याच रस्त्यावरून जाताना पाहिले तो शाळेच्या मुली डांबराच्या अगदी कडेने, एका रांगेत, मागून येणाऱ्या ट्रकच्या भोंग्यासरशी दचकत सायकली नेत होत्या. नंतर कळले की त्यांतील काहींच्या घरच्यांनी त्यांना सायकलीने पाठविणे बंद केले होते, आणि दोघींची शाळाच सुटली होती. कोणत्याही नियमाचा भंग झाला नव्हता. कोणी मला जाब विचारला नाही. पण कोळ्ळिडमच्या बांधावर त्या हसत जाणाऱ्या मुली पाहिल्या तेव्हा तो तक्ता मला पुन्हा दिसला.

सायकल परत करावयास गेलो तेव्हा हे सारे मी त्या तंजावरच्या गृहस्थांना सांगितले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. शाळेत त्यांनी तीस वर्षे इतिहास शिकविला. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "राव, तुम्ही इंग्लंडची वाट वाचून येथे आलात, ते बरे झाले. पण रामेश्वरच्या वाटेवर पुदुक्कोट्टैचा मुलूख लागतो, तिकडचेही थोडे वाचा." मी वाचले. त्या जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेची मोठी चळवळ झाली. तिच्यात अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकल शिकविण्याचा कार्यक्रम होता. शेतमजूर बाया, खाणीत काम करणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या सेविका, हजारोंच्या संख्येने सायकल चालवू लागल्या. पाणी आणणे, मुलाला दवाखान्यात नेणे, बाजारात माल पोहोचविणे, यांसाठी त्यांना कोणाची वाट पाहावी लागेना. ज्या मुलखातून राण्यांच्या नावांच्या छत्रांची वाट रामेश्वरकडे गेली, त्याच मुलखातील सामान्य बाईने दीडदोनशे वर्षांनी स्वतःच्या पायांच्या बळावर वाट धरली. राण्यांची नावे दगडात कोरलेली आहेत. या बायांची नावे कोठे नाहीत. पण दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या आहेत, असे मला वाटते.

श्रोतेहो, खाडीकाठच्या, रहदारी नसलेल्या वाटांचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे तो हौशी लोकांचा, सवड असलेल्यांचा, पर्यटनाचा समजला जातो. मीही तसेच समजून निघालो होतो. परत आलो तो वेगळे समजून. आपल्या महाराष्ट्रात कालव्यांचे भराव आहेत, खाड्यांच्या काठी शेतकऱ्यांनी खारे पाणी अडविण्यासाठी घातलेले बांध आहेत. लोक त्यांवरून आजही चालतात. त्यांच्यासाठी फार काही बांधावे लागणार नाही. जेथे वाट आहे तेथे ती मोडू नये, तिच्यावर मोटार घालू नये, चार झाडे व एक पाण्याचा रांजण ठेवावा, आणि रहदारीच्या तक्त्यात पायी चालणाऱ्याला व सायकलवाल्याला एक रकाना द्यावा, एवढ्याने सुरुवात होते.

त्या रकान्यापुरते मी बोलू शकतो. त्या प्रवासानंतर माझ्यापुढे रस्त्याचा जो पहिला प्रस्ताव आला, तो मी सही न करता परत पाठविला. कडेने शाळेला जाणारी मुले सकाळी व संध्याकाळी किती, हे मोजून मग पाठवावा, एवढा शेरा त्यावर लिहिला. खात्यातील मंडळींना ते थोडे विचित्र वाटले असावे. तीन आठवड्यांनी कागद परत आला, तेव्हा तक्त्यात एक नवा रकाना होता आणि त्यात एक आकडा होता. आकडा मोटारींच्या आकड्यापेक्षा मोठा होता.